पोकळ टाइलमागचा ठोका

मित्रांनो, मी एक जुना रबरी हातोडा. खिळे ठोकणं, भिंती फोडणं ही दांडगाई माझ्या जातकुळीत नाही. नव्या टाइलला हलकेच थोपटून जागेवर बसवायचं, एवढंच माझं काम. कारखान्यातल्या साच्यात माझं डोकं घडलं, कोणीतरी त्यात लाकडी दांडा बसवला आणि एका टाइल मिस्त्रींनी मला दुकानातून उचललं.

मिस्त्री टाइल बसवत आणि माझ्या ठोक्याने वाजवून बघत. भरीव टाइल 'टक' म्हणते. मागे पोकळी राहिली की 'ढब्ब' असा आवाज येतो, रिकाम्या डब्यासारखा. "हा चहाड्या करतो," मिस्त्री हसत म्हणायचे, "म्हणून माझा लाडका."

एका इमारतीच्या चौथ्या मजल्यावर न्हाणीघराची भिंत अर्धी झाली आणि मिस्त्री गेले. छातीत कळ आली म्हणून भिंतीला टेकून बसले, ते उठलेच नाहीत. मी पिशवीत पडून राहिलो. माझं रबर कडक होत चाललं.

मग मिस्त्रींच्या मुलीने पिशवी उघडली. बाबांची राहिलेली भिंत तिने मागून घेतली होती. शिकवायला तिचे काका होते, मिस्त्रींचे धाकटे भाऊ. मुकादम मात्र कुरकुरत होता.

"ताई, उद्या मी सगळी भिंत वाजवून बघणार. एक टाइल पोकळ निघाली तर पुढचं काम दुसऱ्याला."

"वाजवा की," काका म्हणाले. "फक्त डोकं आपटू नका. उगाच पोकळ आवाज यायचा आणि नाव आमचं व्हायचं."

काकांनी तिला ओळंबा धरून भिंत सरळ आहे का बघायला शिकवलं, दातेरी थापीने टाइल चिकटवायचं केमिकल पसरायला शिकवलं. "टाइलची पाठ उपाशी ठेवायची नाही गं," ते सारखं बजावत. पण काका खाली गेले आणि तिने घाई केली. चार कोपऱ्यांत केमिकलचे चार गोळे लावून टाइल चिकटवत सुटली. समोरून भिंत आरशासारखी दिसत होती.

दुसऱ्या दिवशी मुकादम यायच्या आधी तिने मला हातात घेतलं. मी टाइलला टेकायच्या आतच भिंतीच्या मागून आवाज आला. ढब्ब.

त्या भिंतीपलीकडे काही नव्हतं. बाहेरची बांबूंची परांची केव्हाच उतरवली होती. बाहेर नुसती चार मजल्यांची हवा. आणि मित्रांनो, तो ठोका माझाच होता. मी मात्र तिच्या हातात, अधांतरी थांबलेला होतो.

"काका, तुम्ही वाजवलंत?"

"मी बादलीपाशी आहे. काय वाजवलं?"

तिने ती टाइल वाजवली. पोकळ. अजून पुरती सुकली नव्हती; तिने थापी सारून काढली, पाठ भरली, पुन्हा बसवली. लगेच ठोका शेजारी आला. ती त्याच्यामागे जात राहिली. जिथे ठोका, तिथे पोकळी. अखेर तिची सगळी बाजू भरली.

तेव्हा ठोका खालून आला. मिस्त्री टेकून बसले होते तिथून.

"ही बाबांची आहे," ती म्हणाली. "शेवटची."

काका बादली घेऊन जवळ आले. "त्या दिवशी सकाळपासून हात जड झालाय म्हणत होता दादा. मी म्हटलं, चहा घे, बरं वाटेल."

"राहू द्यायची का तशीच?"

ठोका पुन्हा आला. या वेळी तो काकांनीही ऐकला. त्यांनी बादली सावकाश खाली ठेवली.

"काढ," ते म्हणाले. "नाहीतर तो भिंतीमागे उभाच राहील."

ती टाइल छन्नीने फोडावी लागली. मागे चार कोपऱ्यांत चार गोळे होते, त्यांवर मिस्त्रींच्या बोटांचे ठसे. मुलीने क्षणभर ठशांवर बोटं ठेवली. मग सगळं खरवडलं, नवी टाइल पाठभर केमिकल लावून बसवली आणि मला हळूहळू थोपटू दिलं.

मुकादमाने भिंत वरपासून खालपर्यंत वाजवली. "पुढचं न्हाणीघर घ्या," एवढंच म्हणाला आणि गेला.

मुलीने मला त्या नव्या टाइलवर टेकवलं. टक. कान भिंतीला लावला, वाट पाहिली. पुन्हा टक. पलीकडून काहीच आलं नाही.

मित्रांनो, तुमच्या घरात एखादी टाइल पोकळ वाजली, तर ती कोणाच्या हातची आहे म्हणून जपून ठेवू नका. मागे कोणीतरी ताटकळत असेल. टाइल काढा, पाठ भरा आणि त्याला जाऊ द्या.