विहिरीत सोडलेला दिवा

अकरा वर्षं दीपा कोल्हापुरातल्या कॉलेजात भूगर्भशास्त्र शिकवत होती, पण घरच्या शेतातल्या कोरड्या विहिरीचा तळ तिनं कधी पाहिला नव्हता. विद्यार्थ्यांना दाखवायला तिला तिथला, ऊनपावसानं न झिजलेला काळा दगड हवा होता. म्हणून तिच्या वडिलांनी, बापूसोंनी, गुंडूला बोलावलं. गुंडूची हयात विहिरींचा गाळ काढण्यात गेलेली.

"दगुड वरबी पडल्यात की, आक्का. खालचाच कशाला?"

झालं, बाईंचा तास सुरू! पृथ्वीच्या पोटात सगळं वितळलेलं होतं. त्यातलं हलकं ते दुधावरच्या सायीसारखं वर आलं, थिजलं, त्याची जमीन झाली. कोंडलेले वायू ज्वालामुखींतून सुटले, त्यांची हवा झाली.

"पण त्या हवेत प्राणवायूच नव्हता, गुंडूमामा. माणूस दोन श्वासांत आडवा झाला असता. दिवासुद्धा पेटला नसता."

"गाढवाम्होरं गीता," गुंडू हसला.

उतरण्याआधी विहिरीत दिवा सोडायचा, विझला तर माघारी फिरायचं, ही त्याच्या बापाची रीत. गुंडूनं ती कधी मोडली नाही. फक्त कंदिलाच्या जागी आता बॅटरी आली होती, नवीकोरी. दोरीला बांधून त्यानं ती तळाला टेकवली.

"दिवा जळतोय न्हवं? मग हवा झकास हाय."

दीपानं मान डोलावली. एवढी शिकलेली बाई, आणि मान डोलावली!

कमरेला दोरी बांधून गुंडू उतरला. कोपऱ्यातला दगड गाठायला दोरी पुरेना, तशी त्यानं ती कमरेची सोडली. छिन्नीचे घाव ऐकू आले. मग दोन घावांतलं अंतर वाढत गेलं.

"गुंडूमामा?"

"हां..." आवाज झोपेतल्यासारखा. पाठोपाठ छिन्नी खणकन पडली.

तेव्हा दीपाच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. बॅटरीला हवा लागतच नाही.

बापूसो पायताण काढून कठड्यावर चढलेच होते. तिनं त्यांच्या कमरेला मिठी मारली.

"सोड, पोरी! माणूस हाय त्यो!"

"बाबा, तुम्हीही वर येणार नाही!"

तिनं फडकं पेटवून दोरीनं खाली सोडलं. अर्ध्यावर ते विझलं. बापूसो कठड्यावरून उतरले. दीपानं फोन लावला.

अग्निशमनची गाडी यायला तास लागला. तोवर दोघं कठड्याला धरून खाली बघत राहिली. बॅटरी मात्र चांगली होती. तिच्या उजेडात गुंडूनं पोटाशी धरलेला काळा दगड स्वच्छ दिसत होता, आणि पोट हलत नव्हतं.