वीसपैकी बारा

मी एक स्टूल. ऐनाच्या लाकडाचं, चार भक्कम पायांचं, आणि बसायच्या फळीवर मधोमध भेग असलेलं. ही भेग बघून लोक नाक मुरडतात. मुरडू देत! आधी माझं ऐकून घ्या.

माझा जन्म गोंडपिपरी तालुक्यातल्या जंगलाकाठच्या एका गावात झाला. वादळात पडलेला ऐन गावाने परवानगी काढून कापला आणि त्याच्या फळ्या पत्रूभाऊंच्या हाती आल्या. पत्रूभाऊ आमच्या सुतारगटातले सगळ्यात जुने कारागीर. चाळीस वर्षं रंधा मारलाय त्यांनी, आणि आपल्या कामावर कोणी बोट ठेवलेलं त्यांना खपत नाही.

आमचं लाकूड मोठं हट्टी. नीट वाळवलं नाही तर तडकणारच. गटाकडे वाळवायची सोय नव्हती. मागच्या वर्षी त्यांनी अंगणवाड्यांना चाळीस स्टुलं दिली आणि ऊन तापताच ती तडकून परत आली. तेव्हापासून कोणी काम देईना. अकरा जणांपैकी चौघे गट सोडून गेले. म्हणून गटाच्या अध्यक्ष सुकरीबाईंनी लाकूड वाळवायच्या भट्टीसाठी सरकारी अनुदानाचा अर्ज केला. यंदा भट्टी मिळाली नाही तर गट मोडणार, हे सगळ्यांना कळून चुकलं होतं.

अर्जासोबत नमुना द्यायचा होता. तो मी. पत्रूभाऊंनी मला बारा दिवस घडवलं. पॉलिशच्या आधी एका सकाळी माझ्या फळीवर केसाएवढी भेग उमटली. त्यांनी इकडेतिकडे पाहिलं, भुसा आणि सरस कालवून ती बुजवली, वरून पॉलिश मारलं आणि मला दटावलं, "चूप राह्यजो."

परत आलेली स्टुलं तर त्यांनी लाजेपोटी कधीच चुलीत घातली होती. अर्जातही ती गोष्ट लिहू दिली नाही. "आपली बदनामी आपनच लिहाची काय, बाई?" असं ते म्हणाले आणि सुकरीबाईंनी त्यांचं ऐकलं.

चंद्रपूरच्या कचेरीत समिती बसली. सुकरीबाई आणि पत्रूभाऊंनी मला टेबलावर ठेवलं. प्रमुख निशा मॅडम, लाकडाच्या जाणकार. त्यांच्यापुढे गुणांचा तक्ता होता. शंभरपैकी साठ मिळाले तर मंजुरी, नाहीतर परत जा.

लाकूड कुठून आणता, वीज आहे का, माल कोण घेणार, स्वतःचा वाटा किती, असं एकेक विचारत त्या गुण लिहीत गेल्या. या सगळ्याचे मिळून एकतीस झाले. मग त्यांनी माझ्यावरून हात फिरवला. "सुरेख! जोड कुठे आहे तेसुद्धा कळत नाही." कौशल्याचे वीसपैकी एकोणीस. पत्रूभाऊंची छाती फुगली. माझीही फुगली असती, पण खोलीतल्या एसीच्या कोरड्या हवेने माझं अंग आतून ओढलं जात होतं आणि बुजवलेली भेग ठणकत होती.

शेवटचा रकाना यंत्राच्या गरजेचा, पंचवीस गुणांचा. मॅडम थांबल्या. "भट्टीशिवाय इतका चांगला माल होतोय. जुन्या मालाचीही तक्रार नाही. मग भट्टी कशाला?" आणि त्यांनी सहा लिहिले. एकतीस, एकोणीस, सहा. छप्पन्न!

"तसं नाई जी मॅडम," सुकरीबाई उठल्या. "पूर्रा माल परत आला होता."

"अर्जात नाही. एखादं परत आलेलं स्टूल आहे का दाखवायला?"

सुकरीबाईंनी पत्रूभाऊंकडे पाहिलं. पत्रूभाऊ जमिनीकडे बघत राहिले. मॅडमनी पेनचं टोपण लावलं आणि पुढची फाइल ओढली. मी मनातल्या मनात ओरडत होतो, अहो पत्रूभाऊ, बोला ना! मला भीतीही वाटत होती. नमुन्यात लबाडी केली म्हणून अर्जच फेकला तर?

"मॅडम, एक टाचनी द्या जी," पत्रूभाऊ पुढे होत म्हणाले.

टाचणी घेऊन ते माझ्यावर वाकले. ज्या हातांनी भेग भरली त्याच हातांनी ती उकरू लागले. भुशाचे कण टेबलावर पडले. मला दुखलं, खोटं कशाला सांगू! पण मोकळंही वाटलं.

"हे मीच बुजवलं. ते चाळीस स्टूल मीच जाळले. गटाची चूक नाई, माही हाय. चाळीस वर्सं रंधा मारून राह्यलो, फुटका माल घेऊन तुमच्यासमोर कसा येऊ?"

मॅडमनी पर्समधून लाकडाचा ओलावा मोजायचं यंत्र काढलं. "पॉलिश बिघडेल म्हणून मघाशी टोचलं नव्हतं," असं म्हणत त्याच्या दोन सुया माझ्यात रुतवल्या. आकडा आला चोवीस टक्के. बाराच्या आसपास हवा होता. "गरज तर आहेच," त्या पुटपुटल्या आणि सहा खोडून वीस लिहिले. मग पेन कौशल्याच्या रकान्यावर नेलं. "पण दोष लपवलात, पत्रूभाऊ. हे गुण मला कापावे लागतील."

"कापा जी," पत्रूभाऊ म्हणाले.

एकोणीसचे बारा झाले. बेरीज त्रेसष्ट. मंजूर.

परतीच्या बसमध्ये मी पत्रूभाऊंच्या मांडीवर होतो. सुकरीबाईंचा आनंद गगनात मावत नव्हता. "भट्टी आली ना भाऊ, मंग तोंड काऊन पाडलं?"

पत्रूभाऊ माझ्या भेगेवर अंगठा ठेवून म्हणाले, "बारा, बाई. वीसपैकी बारा."

आज गटात भट्टी आहे. तिच्यातून वाळून निघालेली साठ स्टुलं अंगणवाड्यांत गेली आणि एक उन्हाळा काढून अजून तिथेच आहेत. गेलेल्या चौघांपैकी तिघे परतले. मी भट्टीच्या दाराशी असतो. भट्टी माझी भेग सांधू शकत नाही, उलट ती आता बोटभर रुंदावली आहे. पत्रूभाऊ रोज माझ्यावरच बसतात. परवा कोणीतरी सरस घेऊन मला दुरुस्त करायला आलं, तर ते केवढ्याने ओरडले, "हात नको लावू त्याले!"

तुम्ही कधी आमच्या गावी आलात तर माझ्यावर खुशाल बसा. जरा चिमटा बसेल, तेवढा सोसा. आणि पत्रूभाऊंना एकदा तरी सांगा, की ते बारा गुण कमी नव्हते. मी रोज सांगतो, पण त्यांना ऐकू येत नाही.