हिरव्या शिंगांची गाय

दुष्काळात सहकारी दूध संघाने जनावरांची छावणी उघडली. चारा उशिरा आला, पाणी त्याहून उशिरा. शिंगांना लावायचा रंग मात्र आधीच हजर होता. संघानेच वाटलेल्या संकरित गाई सगळ्या एका साच्यातल्या, म्हणून चेअरमनने ठरवलं: तात्याबाच्या वस्तीची शिंगं लाल, शेजारच्या गावाची हिरवी.

एका संध्याकाळी तात्याबा हिरव्या शिंगांच्या गाईखाली बसून धार काढत होता.

"माझी गाय कावून पिळायलास बे?" शेजारगावच्या मुंजाजीने विचारलं.

"तुझी? शिंगं तर लाल हायेत."

छावणी हसली. तात्याबाची बायको बायडाबाई हसली नाही. हल्ली तो ताटातली भाकरीसुद्धा मान तिरकी करून शोधायचा, हे तिने पाहिलं होतं.

"ह्याला क्षयाच्या गोळ्या गरम पडल्या," मुंजाजीने निदान केलं.

तात्याबाने गोळ्यांचं पाकीट थेट चुलीकडे नेलं. "खोकून मेलो तरी चालंल. आंधळा गुराखी कोन ठिवतं?"

बायडाबाईने पाकीट काढून कमरेला खोचलं. "अवं, आधी डॉक्टरला इचारू. मंग दोघं मिळून जाळू."

अंबाजोगाईच्या दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी रंगीत ठिपक्यांचं पुस्तक पुढे धरलं. बायडाबाईला त्यात आकडा दिसला, तात्याबाला नुसते ठिपके.

"यातली एक गोळी डोळ्यांच्या नसेला बाधलीय. ती आजपासून बंद. बाकीच्या मात्र चुकवायच्या नाहीत."

मुंजाजी निम्मा बरोबर निघाला. हे त्याला कुणी सांगितलं नाही.

"नजर येईल का, बाई?"

"वेळेत आलात. बहुतेक येईल. पण सावकाश."

त्यानंतर बायडाबाई रोज सकाळी बांगड्यांचा हात पुढे करायची. "कंच्या रंगाच्या?"

"हिरव्या," तात्याबा म्हणायचा. बायका बहुतेक हिरव्याच घालतात, एवढा हिशेब त्याला येत होता.

एकदा तिने मुद्दाम लाल भरल्या.

"हिरव्या."

"बरोबर," ती म्हणाली आणि चारा आणायला गेली.

पोळा कोरडाच गेला. त्यानंतर एके दिवशी धार काढता काढता तात्याबा कुरकुरला, "बायडे, शिंग रंगवलंस का कान? लाल पार खाली वघळलाय."

बायडाबाई त्याच्याजवळ येऊन बसली. तिने हात पुढे केला.

तो बघत राहिला. "ह्या तर लाल हायेत. कवापासून घालायलीस?"

"लई दिस झाले."

"आन रोज बरोबर म्हनायलीस?"

"धारंकडं बघा," बायडाबाई म्हणाली. "सांडायलीय."