सीताफळं कवा खायची?

म्या सकिनाबी. निजामाच्या राज्यात उमरग्याच्या डाकबंगल्यावर सैपाकाला व्हते. तवा पूल बांधायला फ्रान्सचा एक साहेब आला व्हता. त्याच्या मडमेच्या मुलखात जर्मन घुसलेला, घरचं पत्र न्हाय. दोन हप्ते ती नीट जेवली न्हाय. साहेब म्हणला, "उद्याच्या मोटारीनं तिला हैदराबादला धाडतो. मी पुलावरच जेवीन, मग तुझं काम न्हाय." घ्या! माझ्या घरात मीच एक कमावती, आन् माझी चूल ह्या बाईच्या भुकंवर!

मडम तोडकंमोडकं उर्दू बोलायची. तिच्या गावात म्हणं पावाचं दुकान येगळं, मटणाचं येगळं, चीज म्हंजी दुधाच्या वड्या, त्याचं येगळं. रोज टोपली घेऊन ताजं आणायचं. म्या वैतागून म्हणलं, "मग चला की बाजारला! तुमच्या हातानं घ्या."

बाजारात समदे आमच्याच मागं. मडम कमलबाईच्या सीताफळापुढं थांबली, पर हात पाठीमागं. आमच्यात दाबल्याबिगर सीताफळ कोण घेतं?

कमलबाई तडकली. "माझ्या मालाला हात लावायला हिला इटाळ व्हतो का गं?"

मलाबी राग आलता. तरी मडमेला इचारलं.

"आमच्याकडं गिऱ्हाइकानं हात लावायचा नसतो," ती म्हणली. "दुकानवालीच निवडून देते. मालाला तिच्याइतकं कोण ओळखतं?"

म्या हे सांगितल्यावर कमलबाईचा पाराच उतरला. पदराला हात पुसून ती नीट बसली. "असं व्हय? मग इचार तिला, कवा खायची? आज का उद्या?"

म्या इचारलं. मडमेचे डोळे भरून आले.

"आमची चीजवाली हेच इचारायची," ती म्हणली. "आधी हेच, मगच वड्या दाबून बघायची."

"रडू नका, जवाब द्या! बाई खोळंबलीय."

"एक आज."

कमलबाईनं अंगठ्यानं दाबत दाबत एक मऊ काढलं.

"एक उद्या."

उद्याची मोटार दुपारची, म्हंजी ते खाऊन ती जायची! मडमेनं कोपऱ्यातल्या हिरव्या, कडक फळांकडं बोट केलं. "आणि ही?"

"त्यास्नी चार दिस लागतील," कमलबाई म्हणली. "तांदळात पुरून ठेवा म्हणावं."

मडमेनं बोटांवर चार दिस मोजले. मग टोपली पुढं केली. "ती सहा द्या." आन् माझ्याकडं वळली, "सकिनाबी, बंगल्यावर तांदूळ आहे ना?"

"हाय की! लई हाय!" म्या म्हणलं, आन् पदरानं नाक पुसलं.