आकड्याला आधार

हिशेबतपासनिसांच्या संघटनेत त्यांना नावाने कोणीच हाक मारत नसे. बरोबरीचे 'परंतु' म्हणत, धाकटे 'परंतुकाका'. कारण उघड होतं. ऑडिटच्या अहवालात सगळं ठीक असल्याचं लिहून झालं की शेवटी ते एक 'परंतु' टाकतच. काहीच सापडलं नाही तर गोदामाचं छप्पर गळतं, एवढं तरी. गिऱ्हाइकं कुरकुरत, पण सोडून जात नसत. बोलण्याच्या बाबतीत मात्र हा माणूस अगदीच मुखदुर्बळ. सभेत मागच्या रांगेत बसायचं, चहा आला की सगळ्यांच्या शेवटी कप उचलायचा, आणि मत मागितलं की चष्मा पुसायला घ्यायचा.

म्हणूनच विधिमंडळाच्या समितीपुढे बोलायला संघटनेने त्यांना निवडलं, तेव्हा आपली चेष्टा चालली आहे असं त्यांना वाटलं.

राज्य सरकारने करकायद्यात दुरुस्ती आणली होती. त्यातलं एक कलम संघटनेच्या घशात अडकलं होतं. व्यापाऱ्याचं विवरणपत्र चुकीचं निघालं तर व्यापाऱ्याला दंड होईलच, पण त्यावर सही करणाऱ्या हिशेबतपासनिसालाही तेवढाच दंड होईल आणि त्याचा सहीचा अधिकार तीन वर्षं जाईल. चूक मग कोणाचीही असो.

"म्हणजे चोराबरोबर संन्याशालाही फाशी," संघटनेचे अध्यक्ष म्हणाले. अंगाने आडवे, आवाजाने उभे. त्यांच्या फर्मचे तीन मजले होते. "ते कलम मुळासकट उपटायचं. आणि बोलणार तू."

"मीच का?"

"मी बोललो की लोक माझी गाडी बघतात. तू बोललास की तुझी विरलेली कॉलर बघतील. दगडालाही पाझर फुटेल तुझी कॉलर बघून."

परंतुकाकांनी कॉलर चाचपली. नाही म्हणायची त्यांना सवय नव्हती. शिवाय या कलमाशी त्यांचं घरचं दुखणं जोडलेलं होतं.

त्यांचं ऑफिस एका छापखान्याच्या वर, दोन खोल्यांचं. खाली यंत्र सुरू झालं की टेबलं थरथरत, त्यामुळे तिथे चहाचा कप कोणी काठोकाठ भरत नसे. आतल्या खोलीत सून बसायची. मुलाला आकड्यांचा तिटकारा. तो लांब कुठेतरी पूल बांधत होता. सून मात्र हिशेबतपासनीस, तीही सासऱ्यापेक्षा पक्की. परंतुकाकांचा हात थरथरायला लागल्यापासून बहुतेक कागदांवर सही तिचीच जात होती. एका बिस्किटाच्या कंपनीने तिला नोकरी देऊ केली होती, आणि शनिवारपर्यंत उत्तर मागितलं होतं.

"ते कलम आलं तर मी जाणार, बाबा," तिने सरळ सांगितलं होतं. "तीन वर्षं सही गेली तर करू काय मी? खाली जाऊन कागद कापू?"

"अगं, पण आपली माणसं सगळी जुनी आहेत."

"तेच तर म्हणतेय."

'तेच' म्हणजे काय, हे परंतुकाकांनी विचारलं नाही. विचारायची गरजही नव्हती. सगळ्यांत जुना माणूस म्हणजे वखारवाला, त्यांचा शाळेतला बाकावरचा सोबती. वर्षअखेरीला वखारीत किती लाकूड उरलं, हे तो एका चिठ्ठीवर लिहून आणी, टेबलावर ठेवी आणि म्हणे, "लिही." परंतुकाका लिहीत. इतरांच्या गोदामात ते शिडीवर चढून पोती मोजत. वखारीच्या फाटकातून मात्र कधी आत गेले नव्हते. सुनेने लग्नानंतरच्या पहिल्याच वर्षी विचारलं होतं, "लाकूड बघायला जायचं ना?"

"अगं, तो माझा बालमित्र आहे."

"मग लाकूडही बालमित्र आहे का?"

त्यावर परंतुकाकांनी चष्मा पुसायला घेतला होता. विषय तिथेच संपला. निदान त्यांना तसं वाटलं होतं.

समितीपुढचं भाषण अध्यक्षांनी स्वतः लिहून दिलं. परंतुकाकांनी ते वाचायला घेतलं, आणि सवयीने हातात पेन्सिल आली.

"'विवरणपत्रातल्या नव्वद टक्के चुका व्यापाऱ्याने माहिती लपवल्यामुळे होतात.' हे नव्वद कुठून आणले?"

"डोक्यातून. नव्वदला वजन असतं."

"पण आधार?"

"अरे, तू माझं ऑडिट करायला आलायस का? वाच आणि खाली बस. काही विचारलंच तर म्हण, 'लेखी कळवू.' दोनच शब्द आहेत. तेवढे तरी पाठ कर."

परंतुकाकांनी ते पाठ केले. जिन्यावर, अंघोळीला, चपला घालताना. लेखी कळवू, लेखी कळवू.

समितीची खोली थंड होती आणि गालिच्याला दमट वास येत होता. लांबलचक टेबल, पाण्याच्या पेल्यांवर कागदी टोप्या, समोर लाल दिव्याचा माइक. समितीच्या प्रमुख एक सडपातळ बाई होत्या. कोणी बोलत असताना त्या दुसऱ्याच कागदांवर सह्या करत. परंतुकाकांच्या आधी दुकानदारांचा प्रतिनिधी बराच वेळ गरजला होता. बाईंनी मान वर केली नव्हती.

परंतुकाका वाचू लागले. आवाज बारीक, पण अडखळत नव्हता. मागच्या खुर्चीत अध्यक्ष निवांत टेकले. मग तो नव्वद टक्क्यांचा परिच्छेद आला.

आयुष्यभर या माणसाने एकही आकडा पावती पाहिल्याशिवाय कागदावर जाऊ दिला नव्हता. वखारीचा तेवढा अपवाद. इथे तर आकडा त्यांच्या स्वतःच्या तोंडातून सरकारदरबारी जायचा होता. त्यांनी वाक्य वाचलं. ते संपलं आणि पुढचे शब्द आपोआप बाहेर पडले, कागदावर नसलेले.

"परंतु या आकड्याला आधार मिळालेला नाही."

कोणीतरी फसकन हसलं. अध्यक्षांना ठसका लागला. बाईंनी पेन खाली ठेवलं आणि पहिल्यांदा समोर पाहिलं.

"मग खरा आकडा काय?"

"माहीत नाही, बाई."

"म्हणजे कधीकधी चूक हिशेबतपासनिसाचीही असते?"

लेखी कळवू. शब्द ओठांवर तयार होते. पण प्रश्न हो की नाही असा होता, आणि तसल्या प्रश्नाचा रकाना कोरा ठेवलेला त्यांना कधी खपला नव्हता. त्यांना वखारवाल्याची ती चिठ्ठी आठवली, तिच्यावरचं ते ऐटबाज अक्षर.

"असते," ते म्हणाले.

"कधी?"

"विचारायला हवं होतं आणि विचारलं नाही, तेव्हा."

"आणि विचारलं, तरी व्यापारी खोटं बोलला तर?"

"मग आम्ही काय करणार? आम्ही फक्त विचारू शकतो, बाई, आणि दिसेल तेवढं जाऊन बघू शकतो. तुमचं कलम विचारणाऱ्याला आणि न विचारणाऱ्याला एकाच मापाने मोजतं." ते थांबले. "ते बरोबर नाही, असं मला वाटतं. म्हणजे... चुकतही असेन."

बाईंनी काहीतरी लिहून घेतलं.

बाहेरच्या व्हरांड्यात अध्यक्षांनी त्यांना खांबाशी गाठलं. "वकील म्हणून नेला, आणि हा साक्षीदार होऊन बाहेर आला! आपल्याच पायावर धोंडा पाडून घेतलास रे!"

"अरे पण..."

"आग लागो तुझ्या पणला!"

गुरुवारी सुधारलेला मसुदा आला. कलम उपटलं गेलं नव्हतं, बदललं होतं. सही करण्याआधी व्यापाऱ्याला लेखी विचारायचं, त्याचं उत्तर जपून ठेवायचं, आणि शिलकी माल स्वतः जाऊन बघायचा. हे करणाऱ्याला दंड नाही. न करणाऱ्याला पुरेपूर.

संघटनेच्या सभेत गदारोळ झाला. काम वाढलं, कागद वाढले, गिऱ्हाइकं चिडणार. "झाड तोडायला पाठवला, तर पाणी घालून आला," असं कोणी म्हणालं आणि सगळे हसले. मागच्या रांगेत चहाचा ट्रे त्या दिवशी आलाच नाही. निघताना एका धाकट्या सभासदाने तेवढं हळूच सांगितलं, "काका, मला बरं वाटलं." पण इकडेतिकडे बघून.

सुनेने मसुदा खिडकीशी उभं राहून वाचला.

"हे तुमचं बोलणं आहे, बाबा."

"शब्द त्यांचे आहेत."

"बरं," ती म्हणाली. एवढंच. आत जाऊन बसली. बिस्किटवाल्यांचं पत्र तिच्या टेबलावर तसंच उघडं होतं.

शुक्रवारी सकाळी वखारवाला आला. नेहमीसारखा खुर्ची ओढून बसला, चिठ्ठी टेबलावर ठेवून म्हणाला, "लिही."

परंतुकाकांनी पेन उचललं नाही. खाली यंत्र सुरू झालं आणि चिठ्ठी थरथरत त्यांच्याकडे सरकली.

"लाकूड बघायला येऊ का?"

"म्हणजे?"

"वखारीत. मी आणि सूनबाई. मोजून घेऊ."

वखारवाला मोठ्याने हसला. मग कोणीच हसत नाही हे त्याच्या लक्षात आलं. "एका बाकावर बसून मार खाल्ला आपण मास्तरांचा. माझ्यावर विश्वास नाही तुझा?"

"आहे." परंतुकाकांनी घसा साफ केला. "परंतु..."

त्याच्याशी बोलताना हा शब्द ते पहिल्यांदाच उच्चारत होते. पुढचं वाक्य लागलंच नाही. वखारवाल्याने चिठ्ठी खिशात घातली आणि आपल्या फायली मागितल्या.

"सुनेने शिकवलेलं दिसतंय हे सगळं."

"नाही. तिने नुसतं विचारलं होतं. मीच उत्तर दिलं नाही."

फायलींचा गठ्ठा काखेत मारून वखारवाला निघाला. जिन्यात त्यातली एक निसटली. सून उठली, खाली जाऊन तिने ती त्याच्या हातात दिली, आणि परत येऊन काहीच झालं नाही अशी कामाला लागली. वखारीत लाकूड किती होतं, हे त्या ऑफिसात शेवटपर्यंत कोणाला कळलं नाही. कदाचित चिठ्ठीत लिहिलं होतं तेवढंच असेल.

शनिवारी दुपारी सून टपालपेटीपर्यंत जाऊन आली. परंतुकाकांनी थोडा वेळ कागद चाळले, चष्मा पुसायला काढला, आणि न पुसताच परत घातला. मग आतल्या खोलीच्या दारात जाऊन उभे राहिले.

"कंपनीला काय कळवलंस?"

तिने मान वर केली नाही. "लेखी विचारा, बाबा. कायदा आहे."

"कायदा अजून झालेला नाही. मसुदाच आहे."

"तरीपण."

ते परत टेबलाशी गेले. कोरा कागद घेतला, थरथरत्या अक्षरात प्रश्न लिहिला, खाली तारीख घातली आणि नेऊन तिच्यापुढे ठेवला. तिने तो वाचला, खाली उत्तर लिहिलं, सही केली आणि शिक्काही मारला.

'नाही म्हणून कळवलं. परंतु माझी खुर्ची मोडकी आहे, आणि यापुढे सगळ्यांची गोदामं बघायची. सगळ्यांची.'

परंतुकाकांनी ते दोनदा वाचलं. कागदाला भोकं पाडली. तो कुठल्या फायलीत लावायचा, हे मात्र त्यांना बराच वेळ सुचेना.