पांढरा चिंचोका

ठमाबाईने बांगडा विळीच्या पात्याला लावला, पण कापला नाही. मासळी विकायला ती काशीराम गुरुजींच्या दारात बसली होती. ओट्यावर पोरं गोल करून बसली होती आणि मध्ये चिंचोक्यांचा ढीग होता. काही सालीसकट, तपकिरी. काही भाजून सोललेले, पांढरे.

"आईच्या मुठीत दोन, बापाच्या मुठीत दोन," गुरुजी सांगत होते. त्यांची शाळा सुटून बरीच वर्षं झाली होती, पण पोरांनी त्यांना सोडलं नव्हतं. "मूल डोळे मिटून दोघांकडून एकेक उचलतं. त्यात एक जरी तपकिरी आला, तरी डोळे काळे. दोन्ही पांढरे आले, तरच घारे. खरं गणित याहून अवघड आहे, पण आपल्याला इतकं पुरे."

"मग आईबापाचे डोळे काळे असले, तर पोर घारं नायच होणार," एक पोरगी म्हणाली.

"तुझी मूठ उघड बघू."

तिच्या मुठीत एक तपकिरी होता, एक पांढरा.

"तुझे डोळे कसले?"

"काळे."

"मग हा पांढरा कुठे गेला?"

"तो लपलाय."

"लपलाय. आता दोघांकडे असा एकेक लपलेला असला, आणि मुलाने नेमका तोच उचलला, तर चूक कोणाची?"

पोरगीने मुठीतला पांढरा पुन्हा बघितला. "कोणाचीच नाय. डोळे मिटलेले ना!"

ठमाबाईने बांगडा पाटीत परत ठेवला.

तिच्या घरी शिवाचे डोळे काळे होते, सून हिराचे काळे होते, आणि त्यांची अडीच वर्षांची गंगा घारी होती. पूर्णगडच्या बंदरावर जाळी ओढताना खलाशी शिवाला विचारत, "काय रे, मांजर कुणाचं पाळलंस?" आधी तो हसायचा. मग हसेनासा झाला. मग पोरीला उचलून घेईनासा झाला. उद्या सकाळच्या गाडीने हिराने पोरीला घेऊन बुरोंडीला माहेरी जायचं आणि परत यायचं नाही, असं त्याने काल सांगून टाकलं होतं.

आणि ठमाबाईला दुसरं एक पोर आठवत होतं. शिवाच्या आधीचं. मुलगी. तिचेही डोळे असेच, उन्हात मधासारखे दिसणारे. पोटुशी असताना मांजराकडे बघत बसलीस, असं सासू म्हणाली. लोक त्याहून वाईट म्हणाले. नवरा, रघू, काहीच म्हणाला नाही. तो पोरीकडे बघायचाच नाही. पावसाळ्यात पोरीला ताप चढला. वैद्याला आणा, असं ठमाबाईने त्याला एकदा सांगितलं. तो उठला नाही. तिने दुसऱ्यांदा सांगितलं नाही. आपण खरंच मांजराकडे बघितलं असेल, असं तिला तेव्हा वाटत होतं.

शिवाला हे कोणी सांगितलं नव्हतं.

"गुरुजी," ती म्हणाली, "हे आमच्या शिवाला सांगाल?"

गुरुजींनी चष्म्यावरून तिच्याकडे पाहिलं. गावात काय चाललंय ते त्यांना ठाऊक होतं. त्यांनी मूठभर चिंचोके सदऱ्याच्या खिशात टाकले आणि चपला पायांत सरकवल्या.

शिवा पडवीत जाळं विणत बसला होता. गुरुजींना बघून उठला; त्यांच्या हातची छडी खाल्लेला तो. गुरुजींनी त्याच्यापुढे चिंचोके मांडले आणि पोरांना सांगितलं तेच त्यालाही सांगितलं, तितक्याच शांतपणे. दाराआड हिरा उभी होती. तिच्या मागे कपड्यांचं बोचकं बांधून तयार होतं. गंगा दुडुदुडु पुढे आली आणि चिंचोके चिवडू लागली.

"म्हंजे दोन्ही बाजूंना लपलेला पायजे," शिवा म्हणाला.

"हो."

"माझा आजा घारा होता," हिरा आतूनच म्हणाली. "बुरोंडीत कोणाला पण विचारा."

"तुझ्या आज्याला कोण विचारतंय? आमच्यात कोण होतं?" शिवा आईकडे वळला. "आये, सांग ना. आपल्यात कोण होतं घारं?"

ठमाबाईने पदर डोक्यावर ओढून घेतला. नाही म्हटलं असतं तर सगळं जिथल्या तिथे राहिलं असतं.

"तुझी बहीण होती," ती म्हणाली.

शिवाच्या हातातली सुई थांबली.

"तुझ्या आधी झाली. घारी. आमच्या दोघांचे डोळे काळे, आणि ती घारी. पाच महिन्यांची असताना गेली."

गुरुजी पुढे सरकले. त्यांच्या आवाजात आनंद होता. अवघड गणित सुटल्यावर वर्गात व्हायचा तसा. "बघ, शिवा! म्हणजे तुझ्या आईकडे होता आणि वडिलांकडेही होता. त्यातलाच एक तुझ्याकडे आला. याहून काय पाहिजे?"

 शिवाने सुई जाळ्यात खोचली.

"गुरुजी, तुमचे चिंचोके काय पण सांगतील," तो म्हणाला. "मला एवढंच कळलं, या घरात हे दोनदा झालं."

"शिवा!"

"बाबा होते तोवर आयेशी कधी धड बोलले नायत. का ते आज कळलं." त्याने पायांत चपला घातल्या. "हिरा, गाडी सातला हाय."

तो बंदराकडे निघून गेला. गुरुजी चिंचोके गोळा करू लागले. एकेक उचलायचे, हातात धरायचे, पुन्हा खाली ठेवायचे. शेवटी ते तसेच ठेवून ते उठले. जाताना ठमाबाईपाशी थांबले.

"गुरुजी," तिनेच हळू विचारलं, "म्हंजे ती पोर ह्यांचीच होती, नाय? लोक काय पण बोलले तरी."

"तुमच्या दोघांचीच, ठमाबाई."

"मला ठाऊक होतंच," ती म्हणाली. "पण मांजर नव्हतं ना कारण?"

"नव्हतं."

ती पायरीवर बसली. आत हिराने चूल पेटवली नव्हती. त्या संध्याकाळी कोणीच पेटवली नाही.

सकाळी शिवा घरी नव्हता. ठमाबाईने बांगड्याची पाटी डोक्यावर घेतली, वर हिराचं बोचकं ठेवलं, आणि तिघी गाडीच्या थांब्यावर आल्या. गाडी उभीच होती. बाजाराला निघालेल्या सोनूबाईने त्यांना बघितलं आणि तोंड फिरवलं. गंगाच्या बारशाला हीच सोनूबाई आत्या म्हणून बसली होती; शिवाला बहीण नव्हती, तेव्हा शेजारणीनेच पाळण्यात वाकून पोरीच्या कानात नाव सांगितलं होतं, आणि बायकांनी तिच्या पाठीत धपाटे घातले होते.

हिरा खिडकीपाशी बसली. पोरीला मांडीवर घेतलं.  मग एकदम म्हणाली,

"आये, तिचं नाव काय होतं?"

"कोणाचं?"

"पोरीच्या आत्याचं."

ठमाबाईने खिडकीचा गज धरला. त्या पोरीला असं कोणी म्हटलं नव्हतं. कोणाची लेक नाही, कोणाची बहीण नाही. आत्या तर नाहीच.

"नाव नाय ठेवलं," ती म्हणाली. "बारशाला ह्यांची बहीण येणार होती. पोरीच्या डोळ्यांचं ऐकून आलीच नाय. मग तशीच राह्यली."

कंडक्टर गाडीत चढला. हिराने गंगाला उभी करून गजांजवळ धरलं. कोवळं ऊन पोरीच्या तोंडावर पडलं होतं, आणि ती डोळे बारीक करून आजीकडे बघत होती.

ठमाबाई टाचा उंचावून पुढे झाली. दोन गजांमधून तिने तोंड पोरीच्या कानाशी नेलं आणि एक नाव सांगितलं. इतकं हळू, की हिरालाही ऐकू गेलं नाही. गंगाला गुदगुल्या झाल्या असाव्यात. ती मान आक्रसून हसली.

घंटी वाजली.

गाडी चढणीला लागून वळली, तरी ठमाबाई तिथेच उभी होती. बाजूला ठेवलेल्या पाटीवर ऊन आलं होतं, आणि बांगडे मऊ पडू लागले होते.