शामकलाबाईचा फोटो

“आता हात नका लावू त्याले,” म्हणत पुष्पांजलीनं नवऱ्याच्या हातावर चापट मारली. कॉम्प्युटरचा पडदा काळाठिक्कर पडला होता आणि त्यावर एकटा पांढरा बाण होता. गजेंद्र तरीही माउस फिरवतच राहिला.

नवेगाव बांधच्या बसथांब्यासमोरचा फोटो स्टुडिओ चालवायची पुष्पांजली, आणि त्यात सुधारणा करायची हौस गजेंद्रला. फोटोतले रंग आणखी खुलतील म्हणून त्यानं सकाळी, तिला न विचारता, नेटवरून ड्रायव्हर नावाचं पडद्याचं एक सॉफ्टवेअर उतरवून टाकलं. तेव्हापासून हे असं. तिनं बंद-चालू करून पाहिलं, कोणी फोनवर सांगितलं म्हणून सेफ मोडही करून पाहिला. डेस्कटॉप येईना.

गावातल्या केवलरामच्या आईची तेरवी दुसऱ्या दिवशी होती. ती शामकलाबाई जन्मात कधी कॅमेऱ्यासमोर बसली नव्हती. मरायच्या थोडं आधी पुष्पांजलीनंच तिला दटावून अंगणात बसवलं आणि फोटो काढला. कॅमेऱ्याचं कार्ड लगेच एका लग्नासाठी रिकामं केलं. फोटो राहिला डेस्कटॉपवर. तिचं सगळंच काम तिथं असायचं, समोर दिसतं म्हणून. आधार कार्डावरचा चेहरा तर पोटच्या पोरालाही ओळखू येत नव्हता.

दुरुस्तीच्या दुकानात न्यायला गजेंद्र मशीन टॉवेलात गुंडाळून गोंदियाच्या बसमध्ये बसला.

“फॉरमॅट मारू देऊ नका, सगळं पुसून जाईन. फक्त ड्रायव्हर काढून द्या म्हणा.”

“समजते मले. लहान पोरगा आहो का मी?”

संध्याकाळी तो खुशीत परतला. वायरी जोडल्या, बटण दाबलं. निळा, लख्ख पडदा आला. एका कोपऱ्यात कचऱ्याची टोपली होती आणि बाकी काहीच नव्हतं.

“फोटो कुठं हाये?”

“दुकानदारानं विचारलं, डाटा डी ड्राइव्ह में है ना? मी हो म्हणलो. मंग त्यानं डेस्कटॉपवालं सी ड्राइव्ह पुसलं.”

“तुमाले मालूम होतं?”

गजेंद्र टॉवेलाची घडी घालू लागला.

“मंग हो काऊन म्हणले?”

“चार लोक बसून होते तिथं. मले नाई मालूम, असं म्हणू का?”

पुष्पांजलीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. चार लोकांत याची मान खाली जाऊ नये म्हणून एक बाई पुसली गेली होती. तिनं दुकानदाराला फोन लावून असा झोडपला की त्यानं मुकाट्यानं तिकडूनच, नेटवरून, मशीन चालवून पुसलेलं धुंडाळलं. शामकलाबाई सापडली, पण अर्धीच. पदर, कपाळ, डोळे. नाकाखाली सगळे राखाडी पट्टे.

तेवढ्यात केवलराम फोटो न्यायला आला. सोबत त्याची मावशी, गंगाबाई. पुष्पांजलीनं आडपडदा न ठेवता सगळं सांगितलं. त्यानं शिव्या घातल्या असत्या तर तिला बरं वाटलं असतं. तो नुसता त्या डोळ्यांकडे पाहत राहिला.

“ताई, माय अन् मावशी सारख्याच दिसत. खालचं मावशीचं जोडून देता येते का?”

“जिती आहो मी अजून,” गंगाबाई भडकली. “माह्या तोंडाले हार घालशीन काय रे?”

पुष्पांजलीला तर आता सगळ्यांचाच राग येत होता, स्वतःचाही. गजेंद्र कोपऱ्यात वायरी गुंडाळत होता. गुंडाळून झालेल्याच पुन्हा गुंडाळत होता.

गंगाबाईनं पडद्यावरचे बहिणीचे डोळे जवळ जाऊन पाहिले. मग कोणी सांगायच्या आत ती स्टुलावर जाऊन बसली.

“काढ वं, लवकर. घरी काम पडलं हाये.”

गजेंद्रनं दिवा धरला. पुष्पांजलीनं कॅमेरा डोळ्याला लावला.

“मावशी, तोंड मिटून राहा.”

“थांब जरा. शामकलाले दात नोहते.”

गंगाबाईनं तोंडाला पदर लावला, आतून कवळी काढली आणि मुठीत घट्ट धरून ती कॅमेऱ्याकडे पाहू लागली.